वाटेचे पैसे

गट नंबर एकशे चौदा, दोन हेक्टर तीस आर,
त्यात अकरा आर पोटखराबा.
साहेबांनी विचारलं, जनावर कुठून येतं?
मी म्हटलं, पोटखराब्यातूनच.
त्यांनी ते लिहून घेतलं.

मग ठरलं ते असं:
परवान्याची बंदूक असलेल्या माणसांना
माझ्या बांधावरून, मक्यातून, खाली ओहोळापर्यंत
हंगामभर रात्री-अपरात्री जाऊ द्यायचं.
त्याबद्दल मला एकरी चारशे, थेट खात्यावर.
मका तुडवला गेला तर वेगळा अर्ज.

खोटं कशाला बोलू, आवडलं मला ते.
जमिनीत उगवलं त्याचे पैसे कधी मिळाले, कधी नाही.
नुसतं कुणी चालून गेल्याचे
पहिल्यांदाच मिळणार होते.

सही करताना जानू गावित आठवला नाही.

जानूचा बाप माझ्या बापाच्या शेतातून जायचा,
तीन कुत्री, एक भाला, तोंडात विझलेली बिडी.
कुणी कुणाला विचारत नसे.
सकाळी आंब्याच्या खालच्या फांदीला
पळसाच्या पानांत बांधलेला वाटा लटकत असे,
मागची तंगडी, कधी नुसतंच काळीज.
आई म्हणायची, "आपल्यात चालत नाही हे,"
आणि पाटा धुवायला घ्यायची.
पुढं कायदा आला. भाला आढ्यात गेला.
फांदीही गेली,
विजेच्या तारांना लागत होती.

यंदा नाशिकहून जीप आली,
गंगापूर रोडचे दोघे.
एक दातांचा डॉक्टर, फार अदबीचा,
बूट काढून ओसरीवर बसला, कोरा चहा प्याला.
पुढं टॉर्च धरून जानूचा नातू किसन,
रोज साडेतीनशे.
वाट त्याच्या तळपायांना आजोबाकडून आलेली.
हजेरीत लिहिलं: मजूर, अकुशल.

दोन बार झाले.
ननाशीपर्यंतची कुत्री उठली.
डुक्कर पडलं ते मक्याच्या सोळाव्या ओळीत,
मादी होती.
पंचनामा झाला, फोटो झाले,
आणि नियमाप्रमाणे खड्डा खणून,
रॉकेल ओतून, चुना टाकून, सगळं पुरलं.
किसन खड्ड्याच्या काठाशी उभा,
पंगतीतून उठवल्यासारखा.

खड्डा माझ्या शेतात.
खड्ड्याचे पैसे यादीत नव्हते.

तीन आठवड्यांनी फोन वाजला:
दोन हजार दोनशे बहात्तर जमा.
त्यातून मी एक पाटी करून घेतली,
गुरुजींच्या वळणदार अक्षरात,
"खाजगी जमीन. परवानगीशिवाय आत येऊ नये."
साहेबच म्हणाले होते, हद्द दिसायला पाहिजे.

पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी
जानू बांधापलीकडे थांबलेला दिसला.
सत्तरी कधीच ओलांडलेली,
हातात बाजाराची पिशवी.
त्याला वाचता येत नाही,
कुणीतरी सांगितलं असणार.
जन्मभर जिथून गेला तिथं उभा राहून
त्यानं चपला काढल्या, हाक मारली:
"मालक, येऊ का?"

मालक म्हणाला तो.
आजवर मी नुसता सुकदेव होतो,
चिडला तर सुक्या.

म्हटलं, ये की, हे काय नवीनच विचारतोस.
आला. चपला हातातच.
जाताना कोपरीच्या खिशातून
पाच रुपयांचं नाणं काढून
पाटीच्या खांबावर ठेवलं, आणि हसला,
दात नसलेल्या तोंडाचं हसू,
त्यातून काही म्हणता काही कळत नाही.

नाणं अजून तिथंच आहे.
मी उचललं नाही,
किसननंही नाही, दोनदा गेला त्याच वाटेनं.
परवा डॉक्टर आले, टॉर्च नेमका त्यावर पडला.
म्हणाले, काही नवस-बिवस आहे का?
म्हटलं,
तसंच समजा.